दुष्काळ अन् पूर, एकाच सरीत

आज औशाकडं मामाच्या रानात गेलतो. सोयाबीन बीबीएफवर पेरलेलं, म्हणजे रुंद वरंबा अन् दोन्ही बाजूंना सरी. पावसानं ताण दिला तर सरीत मुरलेली ओल कामी येते, धो धो कोसळला तर त्याच सरीतून पाणी निघून जातं. शेजारच्या सपाट पट्ट्यातलं पीक मात्र पिवळं पडून चिखलात उभं.

२०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात रानंच्या रानं खरडून गेली. तरी आपली तयारी सुरू होते पंचनाम्यापासून! पोकरासारखी, म्हणजे बदलत्या हवामानात शेती टिकवायची सरकारी योजना २०१८पासून आहे, चांगलीच आहे. पण गावचा नाला पेरणीआधी बघणारं कुणी हवं की नको? मामाला विचारलं. त्यांचं उत्तर इथं लिहिण्यासारखं नाही.