पाटावर कोण बसतं?

भयकादंबरी लिहितोय म्हटलं की लोक विचारतात, रात्रीच लिहिता का? नाही हो. दिवसभर ऑफिस करून लोकलने घरी आलेल्या माणसाला रात्री भीती वाटत नाही, झोप येते. मी पहाटे लिहायचो, नळाला पाणी यायच्या वेळेला, स्वयंपाकघरात. रत्नाकर मतकरींनीही बरीच वर्षं बँकेतली नोकरी सांभाळून लेखन केलं, याचा अशा वेळी मोठा आधार वाटतो.

कथानक तयार होतं. मुंबईतलं एक कुटुंब वेंगुर्ल्याकडचं वडिलोपार्जित घर विकायला जातं. अडत होतं ते सांगण्यात. नारायण धारप वाचत वाढलेल्या माझ्यासारख्याला पडकी विहीर, बंद खोली आपोआप सुचते. पण वाचकही तेच वाचून वाढलेला. तो विहिरीपाशी माझ्या आधी पोचलेला असतो.

त्याच सुमारास गावी गेलो तेव्हा आरवलीला वेतोबाच्या देवळात गेलो. तिथे केळ्यांच्या घडांबरोबर चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात. माणसाचा पाय दोनदा मावेल एवढ्या, अंगठाही त्याच मापाचा. देव रात्री गावाच्या राखणीला फिरतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा. माझी नजर सारखी तळांकडे जात होती.

घरी आल्यावर काकीला सांगितलं की उद्या उशीर झाला तर मळ्यातल्या वाटेने येईन. ती वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "रातचो त्या वाटेन येव नको. ती तेची वाट आसा. कित्याक आड जातंस?" आणि त्याच दमात, "जेवणाक सोलकढी करू?"

मला हवा होता तो सूर हाच. घाबरवण्याचा आव नाही, एसटीची वेळ सांगावी तसं सांगणं. वेतोबाला मात्र कादंबरीत आणला नाही. तो राखणदार, त्याला भूत करणं मला पटलं नसतं, आणि गावाने तर सोडलंच नसतं.

मग पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतलं. 'भेसूर', 'अघोरी' असले शब्द दिसतील तिथे काढले. घर राखणारी बाई पाहुण्यांना पंप कसा चालू करायचा ते सांगते, गॅसवाल्याचा नंबर देते आणि जाता जाता सांगते की दिवेलागणीला पडवीत एक पाट मांडायचा, सकाळी उचलायचा. कुणी कारण विचारत नाही. सून रोज पाट मांडते, कंटाळा करत, मोबाईल कानाला लावून. जुलैतल्या एका सकाळी, रात्रभर पाऊस झालेला, पडवी ओलीगार, आणि पाट उचलताना तिच्या हाताला तो कोमट लागतो. हे वाक्य लिहिलं आणि मीच उठून दिवा लावला.

संपादकांना प्रकरण आवडलं, पण ते हटून बसले. "पाटावर कोण बसतं ते कळायला नको? वाचक पैसे मोजतो." बरीच हुज्जत झाली. कारण कळलं की वाचक सुटकेचा श्वास टाकतो, असं माझं म्हणणं. कारण नसेल तर तो पुस्तक भिरकावतो, असं त्यांचं. तडजोड म्हणून शेवटच्या प्रकरणात जुन्या खरेदीखतातली एक ओळ घातली: घर विकलं तरी पडवीतली बसायची जागा अमुक बाईंची राहील. त्या कोण, ते लिहिलं नाही. मला ती ओळ अजूनही नकोशी वाटते. दुसरी आवृत्ती निघाली तर ती काढायची, असं मी संपादकांना आत्ताच सांगून ठेवलंय. ते हो म्हणालेले नाहीत.