तुम्ही विचारलंत म्हणून: हा कॅमेरा अजून चालेल का?

"आजोबांचा कॅमेरा सापडला, अजून चालेल का?" रत्नागिरीत कॅमेरे दुरुस्त करायला बसलो तेव्हापासून हा प्रश्न ऐकतोय. हल्ली तर कॉलेजातली मुलंही येतात. हातात चामड्याच्या केसमधला कॅमेरा असतो आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न, "आणि याचा रोल किती वर्षं टिकतो?"

कॅमेऱ्याचं आधी सांगतो. बॅटरीशिवाय चालणारा, नुसत्या स्प्रिंगा आणि दातेरी चाकांचा कॅमेरा माणसाच्या दोन पिढ्या सहज पाहतो. पेंटॅक्स के1000 हा 1976 ते 1997 पर्यंत बनत होता. त्यातले कितीतरी आजही माझ्या टेबलावर येतात, थोडी साफसफाई झाली की परत कामाला लागतात. त्याला बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजायला. आला की मी पहिल्यांदा शटर, म्हणजे फिल्मवर उजेड सोडणारा पडदा, एक सेकंदावर लावतो आणि कॅमेरा कानाशी धरतो. निरोगी शटर घर्रर्र असा सलग आवाज करत बंद होतं. आवाज मध्येच रेंगाळला, अडखळला, की समजायचं आतलं तेल सुकून चिकट झालंय. हा बिघाड नव्हे. कॅमेरा वर्षानुवर्षं पडून राहिला की असं होतंच. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की वापरत नसाल तरी महिन्यातून एकदा रिकामं शटर सगळ्या स्पीडवर मारा. मागच्या झाकणाच्या खाचेतला फोम मात्र प्रत्येक कॅमेऱ्यात डांबरासारखा होतो. तो खरवडून, स्पिरिटने पुसून मी तिथे काळी लोकर बसवतो.

सर्किटवर चालणाऱ्या ऐंशी-नव्वदच्या ऑटोमॅटिक कॅमेऱ्यांबद्दल मी कुणाला शब्द देत नाही. सर्किट गेलं की तसलाच दुसरा मेलेला कॅमेरा शोधून त्यातले पार्ट काढायचे, एवढाच मार्ग उरतो. डिजिटलची गतही तीच.

आपल्याकडे कॅमेऱ्याचा खरा शत्रू मात्र वय नव्हे, बुरशी. जून ते सप्टेंबर कोकणातली हवा कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. लेन्समध्ये टॉर्च मारून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर लगेच आणा. सुरुवातीला लेन्स उघडून पुसता येते. दोन-तीन पावसाळे गेले की बुरशी काचेवरचं कोटिंग खाते, आणि मग धागे पुसले तरी त्यांचे माग राहतात. त्यात सगळ्यात वाईट ती चामड्याची केस. लोक प्रेमाने त्यातच कॅमेरा ठेवतात आणि चामडं ओल धरून बसतं. केस बाहेर काढून ठेवा. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत ओल शोषणारी सिलिका जेल. रंग बदलणारी जेल निळ्याची गुलाबी झाली की मंद आचेवर तव्यात परतून पुन्हा वापरता येते.

आता रोल. खोक्यावरची तारीख उलटली म्हणजे रोल मेला असं नाही. फ्रीजमध्ये ठेवलेला ब्लॅक अँड व्हाइट रोल पुढे कित्येक वर्षं चित्र देतो. रंगीत रोल लवकर बिघडतो, आणि 400-800 आयएसओचे, म्हणजे कमी उजेडातही चालणारे वेगवान रोल 100च्या आधी धुरकटतात. आमच्या धंद्यात ढोबळ हिशेब असा, की जुन्या रोलला दर दहा वर्षांमागे एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, उजेड द्यायचा. फ्रीजमधून काढल्यावर डबी लगेच उघडू नका, आत दव धरतं.

गारव्याची ताकद बघायची तर आंद्रेची गोष्ट ऐका. हा स्वीडिश माणूस 1897 साली दोन सोबत्यांसह बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाला आणि तिघंही बर्फात मेले. 1930 साली एका बेटावर त्यांचे अवशेष मिळाले, सोबत फोटो काढलेल्या पण न धुतलेल्या फिल्मही. 33 वर्षांनी स्टॉकहोममध्ये त्या धुतल्या, तर सुमारे 240 चित्रांपैकी 93 हाती लागली.

आपलं फडताळ म्हणजे बर्फ नव्हे, तरीही आशा सोडू नका. राजापूरकडच्या एक काकी सासऱ्यांचा आग्फा क्लिक थ्री घेऊन आल्या होत्या. "विकत घेणार का?" एवढंच विचारत होत्या. कितवा फोटो ते दाखवणाऱ्या मागच्या लाल खिडकीत बघितलं तर 9 आकडा! आत रोल होता. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा इंदू रोल. मी डेव्हलपर, म्हणजे फिल्म धुण्याचं रसायन, नेहमीपेक्षा थंड ठेवून, हात राखून धुतला. नऊपैकी सहा चित्रं नुसती करडी. तीनवर काहीतरी होतं, आणि फिल्मच्या पाठच्या कागदावरचे आकडे आणि ठिपकेही त्यांच्यावर उमटले होते. एकात विहिरीच्या काठावर बसलेला पाच-सहा वर्षांचा मुलगा, त्याच्या छातीवर आरपार 4. काकींनी तो फोटो उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, "हे आमचे हे."

कॅमेऱ्याचं वय सगळे विचारतात, निगेटिव्हचं, म्हणजे रोल धुतल्यावर हाती येते त्या फिल्मचं, कुणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. अल्बम जपतात आणि निगेटिव्हची पाकिटं घर रंगवताना कचऱ्यात जातात. प्रिंट पिवळी पडली तर निगेटिव्हवरून नवी करता येते. निगेटिव्ह गेली की संपलं.

निगेटिव्हलाही आयुष्य असतंच. जुन्या बहुतेक फिल्म अॅसिटेट नावाच्या प्लॅस्टिकच्या. 20 अंश तापमान आणि 50 टक्के आर्द्रता असेल तर त्या साधारण 40-50 वर्षांनी कुजायला लागतात. पत्र्याखालच्या माळ्यावर त्याच्या कितीतरी आधी. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर तेच सुरू झालंय. पुढे फिल्म आक्रसते, वाकते, चित्राचा थर सुरकुततो. हे थांबवायचं औषध नाही, फक्त वेग कमी करता येतो. रंगीत निगेटिव्हचे तर रंगही उडतात.

तेव्हा पाऊस लागायच्या आत ट्रंक उघडा. निगेटिव्ह प्लॅस्टिकच्या पिशव्यांमधून काढून साध्या कागदाच्या पाकिटात घाला आणि खालच्या मजल्यावरच्या कोरड्या कपाटात ठेवा. आंबट वासाच्या असतील त्या आधी वेगळ्या करा, कारण त्यांच्या वाफेने शेजारच्या चांगल्याही बिघडतात. आणि स्कॅनिंगला पहिल्यांदा त्याच न्या, लग्नाच्या अल्बमच्या नंतर नव्हे.