नांदूर मध्यमेश्वरची पक्षीगणना आणि दहा मिनिटांचा बांध

जानेवारीतील आशियाई पाणपक्षी गणनेसाठी नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात गेलो, तेव्हा गाडीतून उतरल्यावर दहा मिनिटांत मोजणीच्या जागी पोहोचाल, असे आम्हाला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात पहाटेच्या अंधारात, उसाच्या कडेच्या काळ्या मातीच्या बांधावरून पोहोचायला पाऊण तास लागला. शेतीची वीज रात्रीची असल्याने उसाला रात्रभर पाणी दिलेले होते आणि बांध इतका निसरडा झाला होता, की प्रत्येक पावलाला बुटाला शेरभर चिखल चिकटत होता. मी दोनदा पडलो. दुसऱ्यांदा दुर्बीण वाचवताना कोपर सोलवटले. चांगले बूट येथे निरुपयोगी आहेत. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घाला, डोक्याला विजेरी बांधा आणि हात मोकळे ठेवा. निफाड तालुक्याच्या थंडीबद्दल वेगळे सांगायला नकोच.

त्याहून मोठी चूक जागेच्या निवडीत होती. आम्हाला पश्चिम काठावर, म्हणजे थेट उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे केले होते. समोर हजारभर बदके होती, पण सगळी काळी. लांब शेपटीमुळे तलवार बदके कशीबशी ओळखू येत होती, थापट्या आणि गडवाल ही बदके मात्र वेगळी काढणे अशक्य होते. पाठीशी सूर्य येईल अशीच जागा आदल्या दिवशी मागून घ्या, आणि भीड बाळगू नका.

मोठा थवा एकेक करून मोजू नये. आधी पन्नास पक्षी नेमके मोजावेत, ते किती जागा व्यापतात हे डोळ्यांत साठवावे आणि त्या मापाने उरलेला थवा मोजावा. आमचे मोजमाप निम्म्यावर आले असतानाच दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून गेला, सारा थवा उडाला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. जे ओळखता आले नाही, ते सरळ ‘अनोळखी बदके’ म्हणून नोंदवावे. राज्यातील या पहिल्या रामसर स्थळाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेच्या, आकड्यांत आपली कल्पनाशक्ती मिसळू नये. आमच्यातील एका उत्साही गृहस्थांना हे शेवटपर्यंत पटले नाही.

आदल्या दिवशी चापडगावच्या मनोऱ्यावरून चक्रवाक बदके आणि चमचे (चमच्यासारख्या चोचीचे पक्षी) निवांत पाहिले होते; त्यात सांगण्यासारखे काही नाही.

परतताना ऊन चढले होते आणि बांध बराच सुकला होता. तेव्हा मुद्दाम घड्याळ लावून चाललो, तर पंचवीस मिनिटे लागली.