एवढा ताण येतो, तर नाताळच्या भेटवस्तू देणं बंद का करत नाही?

डिसेंबर लागला की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. कधी शेजारीण, कधी ऑफिसातली धाकटी सहकारी. अलीकडे भाचीनं विचारला: "मावशी, नाताळच्या खरेदीनं तू इतकी हैराण होतेस, मग भेटी देणं बंदच का नाही करत?" आणि त्याला जोडून नेहमीचा दुसरा प्रश्न: "तुमच्या लहानपणी कुठे होता असला ताण? नुसती मजा असायची ना?"

आधी दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच आहे. ताण लहानपणीही होता. तो आम्हा मुलांच्या वाट्याला येत नव्हता, इतकंच.

आमच्या वाट्याला यायचं ते वाट पाहणं. आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या दिवसांतले, चार रविवार, दर रविवारी वाढत जाणारी एकेक मेणबत्ती, गाण्यांच्या तालमी, आणि घरातलं ते एक कपाट, जे एरवी सताड उघडं असायचं आणि या दिवसांत अचानक कुलपात जायचं. रात्री अंथरुणातून कागदाची सळसळ ऐकू यायची आणि आम्ही भावंडं श्वास रोखून अंदाज बांधायचो. माझा भाऊ पुडकं नुसतं हलवून आत काय आहे ते सांगायचा, आणि बहुतेकदा ते बरोबर निघायचं.

एका वर्षीची भेट मला विशेष आठवते. माझ्या रंगपेटीतला हिरवा संपला होता. मी झाडांची पानं निळ्या रंगानं रंगवत होते. त्याबद्दल कुणाकडे तक्रार केली नव्हती, कुणी काही बोललंही नव्हतं. नाताळच्या सकाळी पुडकं उघडलं तर नवी पेटी, आणि तिच्याबरोबर दोन जास्तीचे हिरवे. रंगांपेक्षा मला कशाचा आनंद झाला हे तेव्हा सांगता आलं नसतं. आज सांगता येतं: माझी निळी पानं कुणीतरी पाहिली होती.

कुणी, ते उघडच आहे. पण किती कष्टानं, हे कळलं फार उशिरा, घर बदलताना आईची हिशेबाची वही हाताशी आली तेव्हा. मागच्या पानांवर नाताळच्या याद्या. कुणाला मागच्या वर्षी काय दिलं, त्यांच्याकडून काय आलं, कुणाच्या पायाचं माप किती वाढलं, कुठल्या दोघी बहिणींना अगदी सारखंच द्यायचं, सासरच्या माणसांचं माहेरच्यांपेक्षा कमी दिसणार नाही ना. काही नावांपुढे प्रश्नचिन्हं, काही खोडलेली, एका पानावर तीच बेरीज वरपासून खालपर्यंत पुन्हा पुन्हा केलेली. मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, "सप्टेंबरपासून झोप उडायची बघ." बाबा प्रेमळच होते, माळ्यावरची पुडकी तेच खाली काढायचे. पण त्या वहीत त्यांचं अक्षर एकाही पानावर नाही.

हे फक्त आमच्याच घरचं नाही. 1987 साली मायकेला दी लिओनार्दो या मानवशास्त्रज्ञ बाईंनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या इटालियन वंशाच्या कुटुंबांवर एक लेख लिहिला. घरोघरी सणाची पत्रं कोण पाठवतं, भेटी कोण निवडतं, कुणाचा वाढदिवस कोण लक्षात ठेवतं, हे त्यांनी बारकाईनं पाहिलं. ही सगळी कामं बायकाच करत होत्या, आणि कुणी त्यांना काम म्हणत नव्हतं. पण मला जास्त भिडलं ते पुढचं: घरातली बाई गेली किंवा नवराबायको वेगळी झाली, की ते काम तसंच पडून राहायचं आणि त्या पुरुषाचं नातलगांशी जाणंयेणं आटायचं. दुसरी बाई घरात आली की पुन्हा पत्रं जाऊ लागत, पुन्हा बोलावणी येत.

म्हणून भेटी बंद करणं मला पटत नाही. आपण ज्याला खरेदी म्हणतो त्यात दुकानात जाणं फार थोडं असतं. बाकीचा सगळा वेळ माणसं आठवण्यात जातो. या पुतण्याला आता खेळणी नकोत, पण मोठ्यांच्या वस्तूही अजून नकोत. या काकूंचे डोळे अधू झालेत, पुस्तक द्यायचं तर मोठ्या अक्षरांचं हवं. "मला काही नको" म्हणणाऱ्या माणसाला खरोखरच नको आहे, की कुणी आग्रह करावा असं वाटतंय? एवढा विचार वर्षातून एकदा तरी आपण एकमेकांबद्दल करतो, तो या निमित्तानं. तो थांबला तर नाती तुटतील असं नाही, पण सैल नक्कीच पडतील, आणि मला ते नको आहे.

मग ताण कशाचा? माझ्या मते दोन गोष्टींचा. एक, हा सगळा विचार एकाच डोक्यात असतो. दुसरी, त्या यादीत मायेच्या माणसांबरोबर निव्वळ भिडेची माणसंही घुसतात.

भिडेचं दुखणं जुनं आहे. 1912 मध्ये न्यूयॉर्कमध्ये एलेनॉर रॉब्सन बेलमाँट आणि अ‍ॅन मॉर्गन यांनी निरुपयोगी भेटींना आळा घालण्यासाठी चक्क एक संस्था काढली. दुकानांत काम करणाऱ्या मुलींना आपल्या तुटपुंज्या पगारातून वर्गणी काढून वरिष्ठांना नाताळची भेट द्यावी लागे. नाही म्हणायची सोय नव्हती. ते थांबावं म्हणून ही खटपट. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टही तिचे सभासद झाले. भेट देण्याला त्यांचा विरोध नव्हता. मनात नसताना, दुसऱ्याच्या धाकानं द्यावी लागते ती भेट त्यांना नको होती. हा फरक मला अगदी मोलाचा वाटतो.

त्याच काळातली दुसरी एक हकीकत मी भाचीला मुद्दाम सांगितली. "नाताळची खरेदी लवकर करा" हे वाक्य आज जाहिरातींत दिसतं, पण ते लोकांपुढे आणण्यात अमेरिकेतल्या ग्राहक संघाचा मोठा वाटा होता. फ्लॉरेन्स केली या त्या संघाच्या कार्यकर्त्या. शेवटच्या आठवड्यात गिऱ्हाईक लोटायचं आणि दुकानांतल्या मुली, सामान पोचवणारी लहान पोरं रात्री उशिरापर्यंत राबायची. नाताळ त्यांच्यासाठी वर्षातला सगळ्यात वाईट महिना होता. लोकांनी खरेदी आधी उरकली तर त्यांना घरी वेळेवर जाता येईल, एवढंच मागणं. माझी धावपळ गल्ल्यापलीकडच्या कुणाला तरी भोगावी लागते, हे तेव्हापासून माझ्या मनातून जात नाही. मी खरेदी लवकर करते ती सवलतीसाठी नाही.

मोसम लांबवण्याचे उद्योग मात्र पुढे व्यापाऱ्यांनीच केले. अमेरिकेत आभारप्रदर्शनाचा सण (थँक्सगिव्हिंग) झाला की नाताळची खरेदी सुरू होते. 1939 साली तो 30 नोव्हेंबरला येत होता. नाताळच्या विक्रीला दिवस कमी पडतील म्हणून दुकानदारांनी गळ घातली आणि राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सण आठवडाभर अलीकडे ओढला. काही राज्यांनी ते मानलं, काहींनी नाही. शेवटी 1941 मध्ये कायदा करून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार ठरवावा लागला. नाताळच्या दिवसांत आपल्याला जी घाई वाटते, तिच्यातली बरीचशी अशी बाहेरून आलेली आहे.

इथे कुणी तरी म्हणतंच, "मग सरळ पैसे द्या, डोक्याला ताप नाही." जोएल वॉल्डफोगेल या अर्थतज्ज्ञांनी 1993 मध्ये हाच मुद्दा आकड्यांनी मांडला होता. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, मिळालेल्या वस्तूसाठी तुम्ही स्वतः किती मोजले असते? उत्तर भेटीच्या किमतीपेक्षा कमी निघालं. म्हणजे किमतीचा दहावा हिस्सा ते एक तृतीयांश इतका भाग वाया गेला, असा त्यांचा अंदाज. पण वस्तूमागची भावना त्यांनी हिशेबात धरली नव्हती. माझे दोन हिरवे रंग त्या हिशेबात जवळजवळ शून्य ठरले असते. एक गोष्ट मात्र मी त्यांच्याकडून मनापासून घेतली: मित्रमैत्रिणींनी दिलेल्या भेटी फारशा वाया जात नव्हत्या, वाया जात होत्या त्या आजीआजोबा, काका, मावश्या अशा नातलगांच्या. साहजिक आहे. आवडनिवड ठाऊकच नसेल तर निवडणार काय?

तर आता आमच्या घरी काय करतो ते सांगते. यादी माझ्या डोक्यातून काढून सगळ्यांना दिसेल अशी भिंतीवर लावली आहे. नवऱ्याच्या बाजूची माणसं त्याची, भावाची भावाकडे. निवडायचं त्यांनी, गुंडाळायचं त्यांनी, मापं विचारायला फोन करायचा तोही त्यांनीच. सुरुवातीला मला फार जड गेलं, कारण दुसऱ्यानं निवडलेलं चुकेल असं वाटत राहतं. मोठ्यांनी आपापसांत चिठ्ठ्या टाकायच्या, एकानं एकालाच द्यायचं. ज्यांच्याशी फक्त भिडेचा संबंध, त्यांना चार ओळींचं पत्र, स्वतःच्या हातानं लिहिलेलं. वस्तू नाही. त्यातल्या कुणीही मनाला लावून घेतलेलं नाही, उलट दोघीतिघींनी सुटल्यासारखं झालं असं कळवलं.

मुलांच्या भेटी मात्र मी कुणाला देत नाही, त्या माझ्याकडेच. त्यासाठी वर्षभर एक छोटी वही पर्समध्ये असते. कोण काय बोललं, कशाशी खेळताना रमलं, कशावाचून अडलं. भाचीला ती वही दाखवली तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या वर्षी धाकट्याचं मी बघू?" मी लगेच हो म्हटलं, आणि त्याचं पान फाडून तिच्या हातात दिलं.