त्यांच्याकडे म्हणजे कुणाकडे?

डेस्कवर बसणाऱ्या माणसाच्या हातात तसं फार काही नसतं. बातमी रिपोर्टर आणतो, लावायची की नाही ते संपादक ठरवतात, आपण मधे बसून शुद्धलेखन, हेडिंग आणि पानातली जागा सांभाळायची. पण माझ्याकडे एक वाक्य होतं आणि त्या वाक्याच्या जोरावर मी कितीतरी नको असलेल्या बातम्या पानात बसवल्यात. "सर, उद्या त्यांच्याकडे लागली तर?"

त्यांच्याकडे म्हणजे समोरच्या पेपरकडे. एकदा एका मोठ्या जाहिरातदाराच्या इमारतीत आग लागली तर बाहेर पडायचा जिनाच कुलूप घालून ठेवलाय अशी बातमी होती, जाहिरात विभागाचे दोन फोन येऊन गेलेले, संपादक कॉपीची प्रिंट हातात धरून उभे, आणि मी ते वाक्य म्हटलं. पाच मिनिटांत बातमी पान एकवर गेली, सिंगल कॉलम का होईना पण गेली. समोरच्या पेपरातही माझ्यासारखी कुणीतरी बसलेली असणार आणि ती आमचं नाव घेऊन तिच्या संपादकांना हेच म्हणत असणार, याची मला खात्री होती. आम्ही एकमेकींना ओळखतही नव्हतो, पण एकमेकींच्या पेपरला सरळ ठेवत होतो असं मला आज वाटतं. तेव्हा मात्र मी सगळं श्रेय आमच्या संपादकांच्या ताठ कण्याला द्यायचे. कणा होताच, ते नाकारत नाही, पण त्याला मागून आधार समोरच्या पेपरचा होता.

मग तो पेपर आमच्या मालकांच्या ग्रुपने विकत घेतला. मीटिंग झाली, दोन्ही मास्टहेड, म्हणजे पेपरांची नावं, राहणार, दोन्ही संपादकीय धोरणं वेगळी राहणार असं सांगितलं, आणि पहिले काही आठवडे खरंच काही बदललं नाही. नंतर खर्च वाचवायला कॉमन डेस्क आलं. त्यांची माणसं आमच्याच मजल्यावर काचेच्या पलीकडे येऊन बसली. आधी कोर्टाला दोन रिपोर्टर जायचे, एक त्यांचा एक आमचा, आता एकच जाणार आणि त्याची एकच कॉपी दोन्हीकडे पडणार, हेडिंग तेवढं बदलायचं. एखाद्या सुनावणीत जे त्या एका माणसाला महत्त्वाचं वाटलं नाही ते आता कुठेच येणार नव्हतं. वाचणाऱ्याला स्टॉलवर दोन पेपर दिसत होते, म्हणजे कुणाला काही कमी झाल्यासारखं वाटायचं कारणच नाही.

तो दिवस या सगळ्यानंतर साधारण चार महिन्यांनी आला. संध्याकाळी सातच्या सुमारास आमचा सगळ्यात नवा रिपोर्टर माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला, म्हणाला, ताई जरा बघता का. मोबाइलवर दोन पानांचा तपासणी अहवाल होता. एका केमिकल कारखान्याचा. पहिल्या पानावर छापील नमुना, दुसऱ्या पानावर पेनाने भरलेले आकडे, आणि शेवटच्या रकान्यात तपासणी अधिकाऱ्याने तिरप्या अक्षरात दोन ओळी लिहिलेल्या, की सांडपाणी प्रक्रिया केंद्रात न नेता बाजूच्या पाइपातून थेट नदीत सोडलं जातंय आणि हे रात्रपाळीत होतं. खाली सही, तारीख, शिक्का. शिक्का अर्धा फोटोच्या बाहेर गेला होता, म्हणून मी त्याला पहिलं विचारलं की खरा आहे हे कशावरून. पोराने सगळं केलं होतं. तपासणी झाल्याचं आणि अहवालात हीच नोंद असल्याचं खात्यातल्या दुसऱ्या अधिकाऱ्याने कन्फर्म केलं होतं, कंपनीला दोन फोन, एक ईमेल, ईमेलमध्ये नऊ प्रश्न, उत्तर नाही. मी कॉपी बसून नीट केली. त्याने "विष सोडलं" लिहिलं होतं ते काढलं, "आरोप" होतं तिथे "अहवालातील नोंद" केलं, कंपनीला विचारणा केली तो वेळ टाकला. ४२० शब्द झाले. पान एकचा बॉटम, म्हणजे खालची जागा, चार कॉलम, डमीवर, म्हणजे पानाच्या कच्च्या आराखड्यावर, आखून टाकला.

नऊ वाजून गेल्यावर संपादक केबिनमधून स्वतः बाहेर आले. एरवी फोन करतात. माझ्या स्क्रीनकडे बघत म्हणाले, "ही आज नको." कारण विचारलं तर म्हणाले, अजून एक बाजू येऊ दे. मी म्हटलं, सर, कंपनीला तीनदा विचारलंय, कागद आहे, अधिकाऱ्याचं कन्फर्मेशन आहे, अजून कुठली बाजू. ते गप्प. मग सवयीने माझ्या तोंडातून ते वाक्य गेलं. "सर, उद्या त्यांच्याकडे लागली तर?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग काचेपलीकडे बघितलं. "त्यांच्याकडे म्हणजे कुणाकडे?"

आवाज चढलेला नव्हता, उलट हळू बोलले, आणि बोलून झाल्यावर मान खाली घातली. काचेपलीकडे त्या पेपरची उपसंपादक आमच्याच सिस्टीमवर आमचीच कॉपी उघडून हेडिंग बदलत होती. माझ्या पोटात खड्डा पडला. एकोणीस वर्षं वापरलेलं वाक्य एका क्षणात निकामी झालं होतं, आणि त्यासाठी कुणी सेन्सॉर नेमला नव्हता, कुणी छापखान्याला टाळं ठोकलं नव्हतं, कुणाला अटक झाली नव्हती. आमच्या ग्रुपचा पैसा त्या कारखान्याच्या कंपनीत आहे हेही मला त्याच रात्री कळलं, तेही काचेपलीकडच्या त्या बाईकडून. इतकी वर्षं ज्या पेपरात नोकरी केली त्याच्या मालकाचं अजून कुठे काय आहे हे मला माहीत नव्हतं, मग वाचणाऱ्याला कुठून माहीत असणार.

बॉटमच्या जागी एक मोठा फोटो टाकला. पान ११ वाजून ४० मिनिटांनी सोडलं.

त्याच्या आधी अजून एक गोष्ट झाली, ती मला जास्त लागली. मॅनेजमेंटमधले एक गृहस्थ, ज्यांचा बातम्यांशी काही संबंध नाही, ते थेट त्या पोराच्या टेबलाशी आले आणि अहवाल कुणी दिला ते विचारायला लागले. गोडीत विचारलं, मग नोकरीची आठवण करून दिली. पोरगा पांढराफटक पडला होता पण म्हणाला, सांगता येणार नाही. ते गेल्यावर त्याचे हात थरथरत होते. मी त्याला बिल गुडविनची गोष्ट सांगितली. १९८९ साली ब्रिटनमध्ये "द इंजिनिअर" नावाच्या मासिकात तो ट्रेनी होता, याच्यासारखाच नवा. एका कंपनीच्या आर्थिक अडचणींची माहिती त्याला फोनवर मिळाली, त्याने खातरजमा करायला कंपनीलाच फोन केला, तर कंपनीने कोर्टातून बातमीवर मनाई आणली आणि माहिती देणारा कोण ते सांग म्हणून मागे लागली. त्याने सांगितलं नाही, ५ हजार पौंड दंड झाला. प्रकरण युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेलं आणि १९९६ च्या मार्चमध्ये तिथे ठरलं की हा त्याच्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भंग आहे, सोर्सला संरक्षण नसेल तर लोक माहिती द्यायलाच येणार नाहीत. पोराने विचारलं, म्हणजे सहा वर्षांहून जास्त लागली? हो, म्हटलं, सहा वर्षांहून जास्त. दुसरं काय सांगणार होते मी त्याला.

पान सोडल्यावर मी सरांच्या केबिनमध्ये गेले. भांडायला गेले होते खरं तर, पण ते इतके थकलेले दिसत होते की बसून बोलणंच झालं. मी म्हटलं, असे पेपर विकत घ्यायला परवानगीच कशी मिळते, कुणीतरी बघायला नको का. त्यावर ते जुने माणूस, त्यांनी लगेच "सकाळ" पेपरचा खटला काढला. म्हणाले, सरकारला मधे बोलावलंस की काय होतं ते वाच. १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश, पेपरची किंमत किती असेल तर पानं किती काढायची ते सरकार ठरवणार, आणि कारण काय दिलं, तर मोठ्या पेपरांपुढे छोटे टिकावेत म्हणून. सकाळ पेपर्स सुप्रीम कोर्टात गेले आणि १९६१ मध्ये कोर्टाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. पानं कमी केली की मजकूर कमी, किंमत वाढवली की खप कमी, दोन्हीकडून बोलण्यावरच बंधन.

हे बरोबर आहे आणि मला ते मान्य आहे. छोट्यांना वाचवतो म्हणत कुणी सगळ्यांच्याच मानेवर हात ठेवला तर ते नकोच. पण म्हणून सरकारने हात झटकून बाजूला व्हायचं असंही नाही ना. ऑस्ट्रियात रेडिओ टीव्ही एकाच सरकारी संस्थेच्या हातात होता, दुसऱ्या कुणाला परवानगीच नाही, त्यावर १९९३ मध्ये त्याच मानवी हक्क न्यायालयाने ती मक्तेदारी चुकीची ठरवली आणि वर हेही म्हटलं की अनेक आवाज टिकतील याची अंतिम जबाबदारी राज्यसंस्थेची आहे. नॉर्वेने १९६९ पासून पेपरांना अनुदान दिलं ते मुख्यतः दोन नंबरच्या पेपरांसाठी, कारण त्यांच्या लक्षात आलं होतं की जाहिरातदार एक नंबरकडेच जातो, मग दोन नंबरला वाचक हजारोंनी असले तरी तो हळूहळू सुकत जातो आणि शेवटी गावात एकच पेपर उरतो. ते पैसे मंत्र्याच्या मर्जीवर नाहीत, ठरलेल्या निकषांवर मिळतात, सगळी मेख तिथे आहे. आता युरोपियन युनियनचा मीडिया फ्रीडम ॲक्ट आलाय, ७ मे २०२४ ला अमलात आला आणि बहुतेक तरतुदी ८ ऑगस्ट २०२५ पासून लागू झाल्या. त्यात मालक कोण हे वाचकाला सहज कळेल असं जाहीर करायचं, सरकारी जाहिरातींचे पैसे किती मिळाले ते सांगायचं, आणि दोन माध्यमं एकत्र होणार असतील तर त्याने आवाजांची विविधता आणि संपादकांचं स्वातंत्र्य याचं काय होईल ते आधी तपासायचं. मी म्हटलं, सर, असा तपास आपल्या वेळी झाला असता तर मी तिथे सांगितलं असतं की काचेपलीकडचं डेस्क तिथेच राहू दे, त्यांच्याच इमारतीत. सर काही बोलले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, कॉपी डिलीट करू नको.

पाच दिवसांनी ती बातमी आली. चार माणसं मिळून चालवतात असं एक छोटं पोर्टल, वाचकांच्या वर्गणीवर चाललेलं. अहवाल त्यांना कुठून मिळाला मला माहीत नाही, आमच्या पोराने दिला नव्हता हे त्याने मला न विचारता सांगितलं आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. त्यांची कॉपी आमच्याइतकी नीट नव्हती, एका आकड्याचं एककही चुकलं होतं आणि ते त्यांनी दुपारी दुरुस्ती म्हणून वर लिहून टाकलं. मला फार बरं वाटलं ते बघून.

संध्याकाळपर्यंत त्यांना नोटीस गेली. मानहानीचा दावा, रक्कम अशी की ते चौघं जन्मभर कमावून भरू शकणार नाहीत. असल्या दाव्यांना स्लॅप म्हणतात. दावा जिंकणं हा उद्देशच नसतो, वकिलाच्या खर्चात आणि तारखांत समोरच्याला दमवायचं. माल्टाच्या डॅफ्ने कारुआना गॅलिझिया यांची १६ ऑक्टोबर २०१७ ला गाडीत बॉम्ब ठेवून हत्या झाली तेव्हा त्यांच्यावर असे ४० पेक्षा जास्त दावे चालू होते, आणि त्या गेल्यानंतरही त्यातले दावे घरच्यांच्या गळ्यात राहिले. २०२४ मध्ये युरोपियन युनियनने स्लॅपविरोधी निर्देश काढला, त्याला डॅफ्नेचाच कायदा म्हणतात. उघड उघड बिनबुडाचा दावा सुरुवातीलाच फेटाळता येतो आणि खर्च दावा करणाऱ्याच्या अंगावर टाकता येतो. तोही फक्त एकाहून जास्त देशांशी संबंध असलेल्या दिवाणी दाव्यांना लागू आहे, म्हणजे घरातल्या घरात कुणी कुणाला चिरडलं तर तिथे प्रत्येक देशाला आपापलं बघायचंय. या चौघांसाठी मी ते सगळं त्या रात्री शोधून वाचलं, आणि मग त्यांची वर्गणीही भरली.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला संपादक परत केबिनमधून बाहेर आले. हातात मोबाइल, त्यावर ते पोर्टल उघडलेलं. माझ्या टेबलाशी थांबले आणि जरा मोठ्यानेच म्हणाले, काचेपलीकडेही ऐकू जाईल असं.

"त्यांच्याकडे लागलीये. आपल्याला घ्यावी लागेल."

वर कुणाशी काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. कॉपी होती तिथेच होती, ४२० शब्दांची. पोराला हाक मारली, त्याने कंपनीला आणि अधिकाऱ्याला पुन्हा फोन केले, कंपनीने या वेळी एका ओळीचं उत्तर पाठवलं, ते घेतलं. "सोमवारी" च्या जागी तारीख घातली. वर त्याची बायलाइन, म्हणजे त्याचं नाव, टाकू का विचारलं तर तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, टाका ताई. तिसऱ्या पॅरात मी त्या पोर्टलचं नाव लिहिलं, की हे सगळ्यात आधी यांनी छापलं आणि त्यांना नोटीस आलीये. दुसऱ्याचं नाव आपल्या पानात सहसा कुणी ठेवत नाही, त्यामुळे ते कापलं जाणार असं धरूनच चालले होते. रात्री शेवटची प्रिंट हातात आली तेव्हा आधी तिसरा पॅरा बघितला. नाव होतं.