बादलीतली वाळू

नोकरीला लागून तीनच महिने झाले होते. सेकंड इयरची बॅच, ऑरगॅनिकचं प्रॅक्टिकल, म्हणजे सोडियम फ्यूजन आलंच: पदार्थ सोडियमबरोबर तापवून त्यातली मूलद्रव्यं ओळखायची. सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवलेलं असतं; त्याचा वाटाण्याहून लहान तुकडा कापायचा, टिपकागदाने रॉकेल टिपायचं आणि फ्यूजन ट्यूबमध्ये सोडायचा. मी फळ्यावर सात सूचना लिहिल्या होत्या. त्या कुणीच वाचल्या नव्हत्या, हे नंतर कळलं.

एका मुलाने उरलेला तुकडा सरळ बेसिनमध्ये टाकला. सोडियम पाण्यापेक्षा हलका, शिवाय ९८ अंशांनाच वितळतो. पाण्याशी गाठ पडली की त्याला लागणारी उष्णता तो स्वतःच तयार करतो आणि सुटलेला हायड्रोजन पेटतो. गोळी सरसर फिरली, फट्कन फुटली आणि एक पेटता कण उडून टेबलावर, रॉकेलने भिजलेल्या टिपकागदांवर पडला. त्याच कागदांवर आणखी चार तुकडे होते. पिवळीधमक ज्योत, पांढरा धूर, सगळ्यांना ठसका.

माझ्या हातात पाण्याचं बीकर कधी आलं, आठवत नाही. फेकणार तोच अटेंडंट काकांनी मनगट धरलं.

"मॅडम, पाणी नको! वाळू!"

वाळूची लाल बादली दाराशीच होती. धावले. वर चहाचे कागदी कप, संपलेल्या रिफिली. हात घातला तर वाळू ओलीचिंब. कुणीतरी रोज फडकं तिच्यातच पिळत असणार. ओली वाळू टाकणं म्हणजे पुन्हा पाणीच की!

तोवर काका बॅलन्स रूममधून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. आत चाळलेली, खडखडीत कोरडी वाळू. त्यांनी ती धपकन ओतली नाही. कडेकडेने पसरत मध्यापर्यंत आणली. ज्योत दबली.

"दर मे महिन्यात गच्चीवर वाळवतो," डबा झटकत म्हणाले. "बादलीचा काय भरवसा?"

शेजारच्या मुलीच्या चष्म्याच्या काचेवर खसखशीएवढा पांढरा डाग पडला होता. ती तो नखाने खरवडून बघत होती. सेफ्टी गॉगल आमच्याकडे होते. कपाटात, पिशवीसकट, कॉलेजचं मूल्यांकन करायला येणाऱ्या नॅक समितीची वाट बघत.

दुसऱ्या दिवशी मी इंडेंट, म्हणजे सामानाचं मागणीपत्र, भरला: कोरडी वाळू, दोन बादल्या, झाकणासह. ऑफिसातल्या क्लार्कने कागद वरखाली करून पाहिला.

"मॅडम, केमिस्ट्रीत बांधकाम काढलंय का?"