मॅग सल्फची फवारणी, नोंद ७: नोझल तुंबवणारा गाळ सापडला

नोझलचं कोडं सुटलं. कुंड्यांतल्या टोमॅटोच्या पिवळ्या पानांसाठी मॅग सल्फ (मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजेच एप्सम सॉल्ट) फवारतोय, त्यात सलग तीन फवारण्यांत अर्धा पंप संपायच्या आत फवारा आधी तिरका व्हायचा, मग नुसती धार लागायची आणि शेवटी थेंब थेंब. मागच्या नोंदीत संशय पिशवीतल्या न विरघळणाऱ्या कचऱ्यावर होता, म्हणून या वेळी द्रावण दुहेरी सुती फडक्यातून गाळून घेतलं. तरी नोझल तुंबलाच. म्हणजे गाळ पिशवीतून येत नव्हता, पंपातच तयार होत होता. आणि तो एक नव्हता, दोन होते. एकाचा बंदोबस्त केला की दुसरा पुढे यायचा, म्हणून इतके दिवस कारण हाती लागत नव्हतं.

चाचणी सोपी आहे, ज्याला त्रास होतोय त्याने जरूर करावी. पारदर्शक ग्लास घ्या आणि आरओचं किंवा पावसाचं पाणी वापरा. नळाचं जड पाणी घेतलं तर त्यातल्या क्षारांमुळे निकाल गोंधळतो. पहिल्या ग्लासात लिटरला १० ग्रॅम या मापाने नुसतं मॅग सल्फ. रात्रभर ठेवलं तरी निवळशंख. दुसऱ्यात तेच द्रावण आणि निमतेल मिसळायला वापरतो त्या पोटॅशियम साबणाचे चार थेंब. त्या क्षणी फाटलेल्या दुधासारख्या गुठळ्या. साबणातली स्निग्धाम्लं मॅग्नेशियमला चिकटतात आणि न विरघळणारा साबण तयार होतो. जड पाण्यात अंगाच्या साबणाला फेस येत नाही आणि बादलीला चिकट थर बसतो, तोच हा प्रकार. नोझल तुंबण्यापेक्षा मोठं नुकसान वेगळंच आहे. साबण असा खर्ची पडला की निमतेलाला धरून ठेवायला काही उरत नाही. तेल वर तरंगतं, शेवटच्या अर्ध्या लिटरमध्ये जवळजवळ नुसतं तेल येतं आणि त्या पानांवर करपल्यासारखे डाग पडतात. मागच्या नोंदीतले ते तपकिरी डाग बुरशीचे नव्हते, या तेलाचे होते.

तिसऱ्या ग्लासात साबणाऐवजी भांडी घासायचं लिक्विड. काही झालं नाही, द्रावण स्वच्छ. त्यातले फेस आणणारे घटक साबण नसून डिटर्जंट असतात आणि त्यांचं मॅग्नेशियमशी वाकडं नाही. लिटरला तीन-चार थेंब पुरतात. नॉन-आयोनिक स्प्रेडर (द्रावण पानावर पसरवणारं, विद्युतभार नसलेलं रसायन) हाताशी असेल तर तो त्याहून चांगला.

चौथा ग्लास खरा चकवा होता. कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग सल्फ, दोन्ही लिटरला १०० ग्रॅमच्या स्टॉक (आधी करून ठेवलेल्या घट्ट द्रावणाच्या) बाटल्यांमधून सारखंच ओतलं. थोड्याच वेळात पाणी चुन्यासारखं पांढरं. हे जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. लिटरभर पाण्यात ते जेमतेम अडीच ग्रॅम विरघळतं, बाकी सगळं खाली बसतं. तत्त्व म्हणून हे आपल्या सगळ्यांना पाठ आहे: कॅल्शियम एका टाकीत, सल्फेट आणि फॉस्फेट दुसऱ्या. चूक होत होती ती ओतण्याच्या क्रमात. दोन्ही स्टॉक आधी पंपाच्या तळाशी ओतायचे आणि वरून पाणी भरायचं, ही सवय. पंप भरेपर्यंत दोन मिनिटं दोन्ही घट्ट द्रावणं एकमेकांत असतात. तेवढ्यात बारीक कण तयार होतात आणि नंतर पाणी वाढवलं तरी ते सहजासहजी परत विरघळत नाहीत.

आळवणीत (द्रावण मुळाशी ओततो तेव्हा) हे लक्षात येत नाही, कारण तिथे दोन्ही लिटरला १ ग्रॅमच्या आसपास असतात आणि तेवढ्या विरळ द्रावणात जिप्सम बनतच नाही. फवारणीच्या १० ग्रॅमला गोष्ट काठावर येते. पंपात सगळं ठीक दिसतं, पण नोझलच्या तोंडाशी पाणी वाळलं की तिथे कण धरतात. आदल्या दिवशीचं उरलेलं द्रावण वापरलं की पंप लगेच तुंबायचा, त्याचा उलगडाही इथेच झाला.

कुठला गाळ आहे ते ओळखायला चिमूटभर बोटांत चोळा. चिकट, मेणचट लागला आणि पाण्यावर तरंगला तर साबणाचा. रेतीसारखा करकरला तर जिप्सम किंवा जड पाण्याचा क्षार. या दोघांतला फरक व्हिनेगर सांगतं: बुडबुडे आले तर क्षार, काहीच झालं नाही तर जिप्सम. म्हणूनच जिप्समने तुंबलेला नोझल व्हिनेगरमध्ये रात्रभर भिजवून उपयोग होत नाही. त्याला साधं पाणी लागतं, भरपूर, आणि तीन-चार वेळा बदललेलं. मऊ ब्रशने घासा. पितळी नोझलच्या भोकात सुई अजिबात घालू नका. भोक एका बाजूला थोडं जरी वाढलं तरी फवाऱ्याचा शंकू कायमचा तिरका होतो. साबणाचा गाळ मात्र कोमट व्हिनेगर, नंतर डिटर्जंटचं पाणी, एवढ्यावर निघतो.

आता ठरलेला क्रम: पंप पाऊण भरायचा, वजन करून मॅग सल्फ घालायचं, पूर्ण विरघळू द्यायचं (विरघळताना पाणी गार पडतं, घाबरू नका), मग स्प्रेडर, मग उरलेलं पाणी. कॅल्शियम नायट्रेट चार दिवसांच्या अंतराने आणि फक्त आळवणीतून. निमतेल वेगळ्या दिवशी, मधे पंप आणि लान्स (नोझल बसवलेली लांब नळी) दोन्ही धुऊन. लान्समध्ये उरलेलं घोटभर द्रावण आपण विसरतो, तेवढंही गुठळ्यांना पुरतं.

पानांची खबर चांगली आहे. टोमॅटोच्या ६ कुंड्यांपैकी ४ मध्ये नवी पानं पूर्ण हिरवी येतायत. खालची, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी पानं तशीच राहतील, ती पूर्ववत होतील ही अपेक्षा ठेवू नका. यश मोजायचं ते नव्या पानांवर. पिवळेपणा शेंड्याकडून सुरू झाला असेल तर ते मॅग्नेशियमचं काम नाही, बहुतेक लोहाचं आहे. मॅग्नेशियम झाडात फिरतं, म्हणून झाड ते जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं. लोह तसं हलत नाही.

उरलेल्या २ कुंड्या अजून हट्टाला पेटल्यात. दोन्हींत न धुतलेलं कोकोपीट आहे आणि दर आठवड्याला ०:०:५० (पोटॅशचं विद्राव्य खत) चालू होतं. कोकोपीट स्वतः पोटॅशियम सोडतं आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं, वर आपण आणखी पोटॅश ओततोय. मुळांच्या दाराशी पोटॅशियमची गर्दी, मग मॅग्नेशियमला आत शिरायला वाव कुठे? तिथे मॅग सल्फची आळवणी वाढवत नेणं हा चुकीचा उपाय. तसं केलं की कॅल्शियम मागे पडतं आणि फळांची बुडं काळी पडू लागतात. एप्सम सॉल्टने बूड काळं पडणं थांबतं हा सल्ला सगळीकडे फिरतो, तो उलटा आहे. त्या रोगाचं मूळ फळापर्यंत कॅल्शियम न पोचण्यात आणि अनियमित पाण्यात आहे. या दोन कुंड्यांत आधी ०:०:५० निम्म्यावर आणणार, भरपूर पाण्याने एकदा निचरा करणार, आणि मगच लिटरला १ ग्रॅमची आळवणी.

खरं तर इथे लिहितानाच दुसरा मार्ग सुचतोय: या दोन कुंड्यांसाठी मॅग्नेशियम नायट्रेट. त्यात मॅग्नेशियम साधारण ९.५ टक्के, म्हणजे मॅग सल्फइतकंच, आणि सल्फेट नसल्यामुळे कॅल्शियम नायट्रेटबरोबर जिप्समची भीती नाही. साबणाशी वैर मात्र कायम. वर नत्र जवळपास ११ टक्के येतं, ते फुलोऱ्यावरच्या टोमॅटोला नको. तेव्हा एकाच कुंडीवर, आणि १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत) बंद ठेवून.

पिशवीबद्दल दोन शब्द. आंघोळीसाठीचं सुगंधी, रंगीत एप्सम सॉल्ट बागेत नको. शेतीच्या पिशवीवर मॅग्नेशियमचा टक्का छापलेला असलाच पाहिजे, नसेल तर ती पिशवी उचलू नका. टक्का १६-१७ दिसला तर ते स्फटिकात पाण्याचा एकच रेणू धरलेलं मॅग्नेशियम सल्फेट आहे (नेहमीच्यात सात असतात), फार सावकाश विरघळतं, फवारणीला नको. उघडी राहिलेली पिशवी कोरड्या हवेत पांढरी, पिठूळ होते. खराब होत नाही, फक्त स्फटिकातलं पाणी उडतं आणि टक्का ९.९ वरून १०.६ पर्यंत चढतो. पण चमच्याचं माप त्यात पार चुकतं, कारण पीठ आणि स्फटिक चमच्यात वेगवेगळे बसतात. म्हणून वजनकाटाच.

पिशवीच्या तळाशी राहिलेला स्फटिकांचा जाडसर चुरा फेकू नका. दोन भाग चुरा, एक भाग भांड्याचं लिक्विड, की टाइल्सच्या फटी आणि काचेचे डाग घासायला उत्तम लगदा. स्फटिक काचेपेक्षा बरेच मऊ असतात, त्यामुळे ओरखडे पडत नाहीत आणि शेवटी पाण्याबरोबर विरघळून जातात.

पुढची नोंद बियाण्यांची बरणी कोरडी ठेवण्यावर. मॅग सल्फ पसरट स्टीलच्या ताटात ओव्हनमध्ये तापवलं की आधी स्वतःच्याच पाण्यात पाघळतं, फुगतं, मग कडक पापडी धरते. १०० ग्रॅमचे ५६ झाले की पाण्याचा एकच रेणू उरला, ४९ झाले की सगळं गेलं. पापडी गरम असतानाच कुटून हवाबंद बाटलीत भरली की दमट हवा शोषणारी पूड तयार. बियांना थेट लागू न देता कापडाच्या पुरचुंडीत ठेवायची आणि पुरचुंडी दर आठवड्याला तोलायची. वजन वाढायचं थांबलं की ती भरली, परत ओव्हनमध्ये.